टाचा समुद्राकडे

आगगाडीत चढण्याआधी लोक फलाटावर चपला काढून ठेवत, हे आता सांगितलं की ऐकणारे पोट धरून हसतात. हसू देत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. लख्ख पुसलेलं लाकूड, काचेच्या खिडक्या, आत बसायला बाकं. असं घर कोणी दारात आणून उभं केलं तर चिखलाच्या पायांनी आत कोण शिरेल? आम्हां शिनागावाच्या माणसांना तेवढी रीत होती. सगळे फलाटाच्या कडेशी चपला काढायचे, गाडीला वाकून नमस्कार करायचे आणि डब्यात चढायचे. गाडी निघून जायची, चपला मागे राहायच्या. योकोहामाला उतरल्यावर मंडळींना आपण अनवाणी आहोत याचा शोध लागायचा.

माझी चहाची टपरी फलाटाच्या टोकाला होती. स्टेशनमास्तर मोरिवाकी पूर्वी एका सरदाराच्या पदरी होते. कमरेची तलवार सुटली होती, पण रागावले की डावा हात अजून कमरेशी जायचा. पहिल्याच आठवड्यात तो तसा गेला.

"ओतोसे, हे काय चाललंय? हे स्टेशन आहे का देऊळ?"

"मला काय विचारता साहेब? माझ्या चपला माझ्या पायात आहेत."

"मग दुसऱ्यांच्याही सांभाळ. तोंडाला आराम मिळेल. पुढची गाडी आली की टोपलीत भर आणि योकोहामाला पाठवून दे."

अशी ती जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. गाडी गेली की मी रांगेतून फिरायची आणि एकेक जोड वळवून ठेवायची. वळवायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पाहुणा चपला काढून आत गेला की बाईनं त्या फिरवायच्या, बोटं बाहेर आणि टाचा घराकडे, म्हणजे निघताना त्याला नुसता पाय सरकवता येतो. लहानपणापासून हाताला तीच सवय. तेव्हा लोक ज्या दारातून आत गेले त्या दाराकडे टाचा आणि गावाकडे बोटं, अशी मी रांग लावायची. दार मात्र गाडीबरोबर निघून गेलेलं असायचं. त्या जागी रूळ, रुळांपलीकडे दगडी भिंत आणि भिंतीखाली समुद्र. हे काही तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

शिम्बाशीकडून येणारी गाडी समुद्रावरून यायची. किनाऱ्याची जमीन द्यायला लष्कर तयार होईना, म्हणून पाण्यातच लांबच लांब बांध घातला आणि त्यावर रूळ टाकले, असं मोरिवाकी सांगायचे. कोळ्यांच्या होड्या आतबाहेर जाव्यात म्हणून मधेमधे मोकळी जागा सोडून वर पूल बांधले होते. ज्या दिवशी पहिली गाडी त्या बांधावरून आली त्या दिवशी सगळं गाव किनाऱ्यावर होतं. आधी नुसता धूर दिसला. मग भरतीच्या पाण्यावरून ती काळी, मोठी वस्तू सरळ आमच्याकडे चालत आली, आणि पायाखालची वाळू थरथरायला लागली. शेजारची ओरिकू मासळी विकायची. ती पाण्याची बादली घेऊन धावली. इंजिन फलाटाशी थांबून धापा टाकत होतं, ते बिचारं तापलंय असं तिला वाटलं. मी तिला हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. माझा नवरा जिच्यासाठी बुडाला ती गोष्ट इतकी देखणी असेल असं मला वाटलं नव्हतं. मला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही.

माझा नवरा याहेई बांधासाठी दगड वाहणाऱ्या होडीवर होता. आदल्या वर्षीच्या वादळात ती होडी पहिल्या पुलाच्या जागी बुडाली. ओरिकूचा नवरा, म्हाताऱ्या गोनरोकूचा धाकटा मुलगा आणि आणखी काही जण त्याच्याबरोबर गेले. एकाचंही प्रेत मिळालं नाही. बाकीच्या घरांनी रिकाम्या शवपेट्या पुरल्या. आमच्या घरी सासूबाईंनी पुरू दिली नाही.

त्यांचं नाव ओकिवा. मला त्यांनी लहानपणीच या घरात आणलं होतं, त्याआधी मला कोणीच नव्हतं. भात शिजवायला, जाळं विणायला, भांडायला, सगळं त्यांनीच शिकवलं. आता त्या रोज संध्याकाळी याहेईचं ताट मांडायच्या, प्रवासाला गेलेल्या माणसाचं मांडतात तसं. भात, मुळ्याचं लोणचं, मिसोचं गरम सार आणि त्यावर झाकण. थोड्या वेळानं झाकण उचलून उलटं करायचं. आतून पाण्याचे थेंब जमलेले असले की तो माणूस सुखरूप आहे. गरम साराच्या झाकणाला थेंब यायचेच, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक असणारच.

"बघ," त्या म्हणायच्या. "बरा आहे तो."

"बरं आहे ना, मग आता तुम्ही दोन घास खा आई."

"त्याचं होऊ दे."

त्याचं कधीच व्हायचं नाही. उशिरा त्या ताटातलं गार सार दोन घोट प्यायच्या आणि पोट भरलं म्हणायच्या. थंडी सुरू झाली तोवर त्यांची मनगटं माझ्या चिमटीत मावायला लागली होती. त्या घराबाहेरही पडत नव्हत्या. त्यांच्या लहानशा लाकडी चपला वर्षभर उंबऱ्याशी तशाच, बोटं आत, पडून होत्या, आणि शेजारी याहेईच्या गवती चपला. डावीचा पट्टा तुटला होता, तो मी निळ्या चिंधीनं बांधून दिला होता. याहेईला दुसऱ्याच्या वस्तूंची भारी किळस. एकदा गावाच्या सार्वजनिक स्नानगृहात कोणी त्याच्या चपला घालून गेलं, तर हा बर्फातून अनवाणी घरी आला आणि वर मलाच म्हणाला, "दुसऱ्याच्या पायाचा घाम मी का घालू?" होडीवर मात्र सगळे अनवाणीच असायचे.

सासूबाई अशाच झिजत राहिल्या तर उन्हाळा बघणार नाहीत हे मला स्पष्ट दिसत होतं. भुताखेतांची मला भीती वाटत नव्हती. मला त्यांच्यामागे रिकाम्या होणाऱ्या घराची भीती वाटत होती.

मग चपला नाहीशा व्हायला लागल्या. पहिला जोड एका व्यापाऱ्याच्या बायकोचा होता, लाल पट्ट्यांचा, महागाचा. रांगेत मी स्वतः वळवून ठेवला होता. टोपली भरताना तो नव्हता.

मोरिवाकींचा हात कमरेशी गेला. "भर दिवसा? तुझ्या नाकाखालून?"

"माझं नाक चहाच्या किटलीवर होतं साहेब. चोरायच्याच असत्या तर मी पुरुषाच्या चोरल्या असत्या, चांगल्या विकल्या जातात."

ते हसले नाहीत. त्यांनी रांगेशेजारचे फलाटाचे दगड बघितले. ते ओले होते. समुद्राकडच्या भिंतीपासून रूळ ओलांडून रांगेपर्यंत ओल आली होती. "लाटा उसळल्या असतील," ते म्हणाले. समुद्र त्या दिवशी अगदी सपाट होता.

दुसऱ्या दिवशी तो लाल जोड रांगेत आपल्या जागी होता, मिठानं पांढरा पडलेला. त्याच सकाळी ओरिकू टपरीवर आली. ही बाई एरवी मासळी विकताना पलीकडच्या गल्लीत ऐकू येते. त्या दिवशी ती चहा धरून गप्प बसली.

"काल माझ्या उंबऱ्याशी बायकांच्या चपला होत्या," शेवटी ती म्हणाली. "लाल पट्ट्यांच्या. ओल्या. बोटं आत."

"कोणी पाहुणी आली होती का?"

"आत कोणी दिसलं नाही. पण माझा नवरा जिथं बसायचा तिथली चटई ओली झाली. मी भिंतीकडे तोंड करून बसून राहिले."

"मग?"

"मग काय. उठले आणि सवयीनं चपला फिरवल्या. पहाटे गेल्या होत्या." तिनं चहा संपवला. "ओतोसे, काल मला वर्षभरात पहिल्यांदा झोप लागली गं."

मी तिला वेड्यात काढलं. दुपारभर तोंडानं तिला नावं ठेवली आणि मनात हिशेब मांडत राहिले. त्यानंतर गोनरोकूच्या घरी एका पोलिसाचे बूट आले. म्हाताऱ्यानं ते मुद्दाम फिरवले नाहीत. मुलगा घरी आलाय, त्याला बाहेरची वाट कशाला दाखवायची, असं त्याचं म्हणणं. थोड्याच दिवसांत त्यांच्या विहिरीचं पाणी खारट झालं. मग घरातल्या माणसांच्या ओठांवर मीठ दिसायला लागलं, आणि कोणी काही विचारलं तर ती माणसं तोंड उघडायची आणि नुसतं पाणी ओघळायचं. शेवटी त्याच्या सुनेनं बूट फिरवले. ती पुन्हा बोलायला लागली, पण विहिरीचं पाणी काही पुन्हा गोडं झालं नाही.

मला खरं-खोटं बघायचं होतं. एक दिवस मी एकही जोड वळवला नाही, लोकांनी काढल्या तशाच ठेवल्या, बोटं रुळांकडे. काही हललं नाही. पुढच्या दिवशी वळवल्या आणि टपरीच्या खांबाला टेकून उभी राहिले. बाहेर धुकं होतं. गाडी बांधावरून गरजत आली, थांबली, माणसं चढली, गाडी गेली. तिचा आवाज दक्षिणेला विरत गेला आणि रूळ नुसते गुणगुणत राहिले.

भिंतीच्या दगडावर एक ओला डाग उमटला. मग अलीकडे दुसरा. डाग रूळ ओलांडून फलाटावर आले आणि रांगेत एका जाड गवती जोडाशी थांबले. ते गवत दबलं. आधी उजवं, मग डावं. आत माणसाचं वजन आल्यावर दबतं तसंच, टाचेशी जास्त.

मग त्या चपला गावाकडे चालत गेल्या.

मी पळाले नाही. मी वाकून नमस्कार केला. कोणाला केला ते मला आजही सांगता येत नाही. पाण्यातून एक रस्ता काढला होता, त्यावरून लोखंड आणि वाफ धावत होती. त्याच रस्त्यानं आणखी कोणाला घर सापडलं होतं. माझा ऊर भरून आला होता. आणि तेव्हा मला पहिल्यांदा त्या रांगेकडे नीट बघायचं सुचलं. टाचा समुद्राकडे होत्या. पाण्यातून वर येणाऱ्यासाठी चपला मीच मांडून ठेवत होते.

गावात ही गोष्ट उघड कोणी बोललं नाही, पण सासूबाईंपर्यंत ती गेलीच.

"ओरिकूकडे आला. गोनरोकूकडे आला. आता पलीकडच्या गल्लीतलेही आले म्हणतात," त्या म्हणाल्या. त्यांच्या खोल गेलेल्या डोळ्यांत चमक होती. "आपल्याकडे नाही आला. बघितलंस? म्हणजे माझा जिवंत आहे."

त्या संध्याकाळी त्यांनी गार सारही घेतलं नाही. जिवंत माणसाचं अन्न कशाला खायचं, म्हणाल्या.

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी ठरवलं. तो का येत नव्हता ते मला माहीत होतं. व्यापाऱ्याच्या बायकोच्या, पोलिसाच्या, कोणाच्या तरी घामाच्या चपला. हा माणूस तिथं तळाशी बसून राहिला असता, पण त्या घातल्या नसत्या.

मी याहेईचा जोड उचलून ओटीत घेतला.

"त्या कुठं नेतेस?" आतून आवाज आला.

"पट्टा सैल झालाय आई. बांधून आणते."

"लवकर आण. तो आला तर काय घालेल?"

दिवस कलताना धुकं दाट होतं, समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. गाडी शिट्टी घालत आली. मोरिवाकी हात मागे बांधून उभे होते. गाडी गेली. मी रांग वळवली आणि अगदी मधे तो निळ्या चिंधीचा जोड ठेवला. मोरिवाकींनी बघितलं. ते आपल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.

ओले डाग आले. रांगेच्या टोकाला थांबले, मग एकेका जोडाशी थांबत पुढं सरकले. कोणी नाक मुरडत बघत असावं तसे. मला त्या क्षणी हसू आलं आणि मी बाही तोंडात धरली.

निळ्या चिंधीशी डाग थांबले. गवत दबलं.

"आई वाट बघतायत," मी म्हणाले. एवढंच सुचलं.

चपला निघाल्या. मी मागं निघाले, पण गाठू शकले नाही. धुक्यात पुढे डावीचा तो सैल फटका ऐकू येत होता. तोफूवाल्याच्या कोपऱ्यावर तो थांबला. तिथं याहेई नेहमी थांबून कमरेचा पट्टा घट्ट करायचा. मग पुन्हा फटका, पुन्हा चाल.

घरी पोचले तेव्हा चपला उंबऱ्याशी होत्या. ओल्या. बोटं आत.

सासूबाई ताटासमोर बसल्या होत्या. पलीकडची बसायची उशी भिजून काळी झाली होती. वाटीतून वाफ येत होती, आणि झाकण त्यांच्या हातात उलटं होतं. त्यांनी ते मला दाखवलं. आतून ते कोरडं होतं.

"थेंब नाहीत, ओतोसे."

"नाहीत, आई."

"म्हणजे गेला माझा."

"हो."

त्यांनी झाकण खाली ठेवलं. रडल्या नाहीत. समोरच्या रिकाम्या उशीकडे बराच वेळ बघत राहिल्या, लहान मुलाला जेवताना बघावं तशा. "किती गार पडलाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जुन्या करड्या आवाजात, "उद्या देवळातून भिक्षूला बोलावून आण. पेटी पुरू या. आणि मला भात वाढ, भूक लागलीय."

मला किती बरं वाटलं ते कसं सांगू. मी वाडगा भरून दिला. त्या खायला लागल्या, लोणच्याचा कडकड आवाज करत, पहिल्यासारख्या. गालांना रंगसुद्धा आला. मला हवं होतं ते सगळं झालं होतं. आता उरलेलं एकच काम करायचं होतं. गोनरोकूच्या विहिरीचं पाणी मी चाखलं होतं.

मी उंबऱ्याशी गेले.

"काय करतेस गं तिथं?"

"काही नाही आई. झाडते जरा."

मी याहेईचा जोड फिरवला. निळी चिंधी एकदा बोटांनी दाबली, मग सोडली. बोटं रस्त्याकडे, टाचा घराकडे.

आत येऊन चहा टाकला. सासूबाईंनी दुसरा वाडगा संपवला. शिम्बाशीकडून शेवटली गाडी येत होती, चुलीवरचं झाकण हलकेच वाजायला लागलं होतं. अंधारायच्या आत दाराच्या फळ्या लावाव्या म्हणून मी पुन्हा उंबऱ्याशी आले.

याहेईच्या चपला मी ठेवल्या तशाच होत्या. त्यांच्या शेजारी, अगदी लागून, सासूबाईंच्या लहान लाकडी चपला. त्यांचीही बोटं रस्त्याकडे होती.

मी एकच जोड फिरवला होता.

मी वाकले आणि त्या आत वळवायला गेले. हलेनात. दोन्ही हातांनी ओढल्या. कोणी पाय घालून उभं राहिल्यावर असतात तेवढ्या त्या जड होत्या.

"ओतोसे," आतून सासूबाई म्हणाल्या, तोंडात घास होता, "भात आणखी आहे का गं?"